पत्रकारांच्या बाकावरची धाकटी

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. थोरली लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, घरात लहान-मोठं ठरवायला दुसरं कुणी उरलं नाही, तरी धाकटीची धाकटीच राहिली. पत्रकारितेच्या वर्गात नाव घालून ती घरी आली, तेव्हा आई म्हणाली, "चला, चौकशा करायचा परवाना मिळाला एकदाचा." शेजाऱ्यांकडे भांडण जुंपलं की आई दार लावून घ्यायची आणि धाकटी खिडकी उघडायची, हे नेहमीचंच होतं.

बाबा लिफ्ट दुरुस्त करत. ज्या छोट्या कंपनीत ते होते, तिच्याकडे शहरातल्या बऱ्याच सरकारी इमारतींचं कंत्राट होतं. मोठं इस्पितळ, कर कचेरी, कोर्ट. "या गावातले सगळे मोठे लोक माझ्यामुळे वर जातात," असं ते पाहुण्यांना सांगत, आणि आई दर वेळी म्हणे, "अहो, काहीतरी शुभ बोला."

कॉलेजचा पत्रकारिता विभाग स्वतःचं पाक्षिक काढायचा. विभागप्रमुख सर पूर्वी एका दैनिकात होते. तिथल्या मालकाशी खटका उडाला आणि ते शिकवायला आले. वर्षाच्या सुरुवातीला ते प्रत्येकाला एकेक विषय नेमून देत. धाकटीला नाटक-सिनेमा हवा होता. वाट्याला आले मोर्चे, सभा आणि निवेदनं.

"मोर्च्याची बातमी कोण वाचतं, सर?"

"कुणी नाही. म्हणून ती नीट लिहायची. कधीतरी कुणी वाचलीच, तर लाज वाटायला नको."

अशी ती त्या संघटनेच्या खोलीवर पहिल्यांदा गेली. कोठडीत आणि तुरुंगात असलेल्या माणसांच्या हक्कांसाठी झगडणारी ती एक लहानशी संघटना होती. खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर. जिना इतका अरुंद की वरून कुणी उतरत असलं तर खालच्यानं थांबायचं. आत एक लांब टेबल, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी, आणि एकीचा दुसरीशी काडीचाही संबंध नाही अशा खुर्च्या. संघटनेचं सगळं काम एक वकीलबाई बघत. पन्नाशीच्या, बसक्या आवाजाच्या. बोलता बोलता चष्मा कपाळावर ढकलायच्या आणि मग तोच शोधत बसायच्या. दर शनिवारी दुपारी तिथे माणसं जमत. कुणाचा मुलगा खटल्याविना आत होता, कुणाला नवऱ्याची भेट मिळत नव्हती.

धाकटीची पहिली बातमी सरांनी लाल करून परत दिली. जवळजवळ प्रत्येक वाक्यापुढे लिहिलं होतं, 'कोण म्हणालं?' आणि जिथे ते नव्हतं तिथे, 'तू पाहिलंस का?' ती घरी येऊन आईपुढे रडली. पुढच्या शनिवारी मात्र ती पेन्सिली टोकदार करून गेली आणि जो बोलेल त्याला शेवटी विचारू लागली, "हे तुम्ही स्वतः पाहिलंत की ऐकलंत?" लोक आधी चिडले, मग त्यांना सवय झाली.

सरांचा आणखी एक नियम होता. बातमी द्यायला गेलेल्यानं बातमीत शिरायचं नाही. सही नाही, घोषणा नाही, वर्गणी नाही. धाकटीनं तो असा काही मनावर घेतला की खोलीवरचा चहासुद्धा ती घेईना. शेवटी तिनं सरांनाच विचारलं. सर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "चहा चालेल. बिस्किटाचा विचार करावा लागेल."

त्या खोलीत तिची सगळ्यात जास्त गट्टी जमली ती रंगाऱ्याशी. दुकानांच्या पाट्या रंगवणारा तिशीतला माणूस, नखांच्या कडांना कायम कुठला ना कुठला रंग. संघटनेचे फलक तोच रंगवायचा. कोपऱ्यात खाली बसून, ओठ घट्ट मिटून अक्षरं काढायचा आणि काढता काढता सगळ्यांची टिंगल करायचा. एकदा कसल्याशा निवेदनाचा कागद सह्यांसाठी फिरत आला. धाकटीनं तो सही न करता पुढे सरकवला, तेव्हा तो म्हणाला, "काय पत्रकारबाई, सही केली तर शिसं संपेल?"

"आम्हाला नाही करता येत सही. उद्या मी लिहिलेलं कुणी खरं मानणार नाही. म्हणतील, ही त्यांच्यातलीच."

त्यानं मान डोलावली. "बरोबर आहे. निदान एक तरी असू दे, कुणाच्यातलीच नाही अशी."

तो स्वतः तिथे का येतो, हे त्यानं फार उशिरा सांगितलं. त्याचा थोरला भाऊ मालट्रक चालवायचा. एका चोरीच्या चौकशीसाठी त्याला पोलिसांनी नेलं, आणि दोन दिवसांनी घरी निरोप आला की मोरीत पाय घसरून पडला आणि गेला. चौकशीचा अहवालही तेच म्हणाला. "डोंगरातल्या रस्त्यावरून, धुक्यात, भरलेली गाडी घेऊन यायचा माझा भाऊ," रंगारी म्हणाला, "तिथे कधी घसरला नाही. आणि मोरीत घसरला." सांगताना त्याचा आवाज जराही चढला नाही. ब्रश मात्र हातातच वाळून गेला. तो त्यानं उचलून नीट धुतला.

धाकटीनं ते त्याच्याच शब्दांत लिहिलं. सरांनी एकाही ठिकाणी लाल शाई लावली नाही. पाक्षिकातला तो लेख एका मोठ्या दैनिकानं उचलून छापला, आणि बाबांनी तो अंक कंपनीत सगळ्यांना दाखवला. रंगाऱ्याची बायको कपडे इस्त्री करण्याच्या दुकानात कामाला होती. ती मुद्दाम खोलीवर आली आणि धाकटीचा हात हातात घेऊन म्हणाली, "आमच्या भावजींबद्दल इतक्या जणांनी इतकं लिहिलं, पण ते चांगले होते हे कुणी लिहिलं नव्हतं, ताई."

त्यानंतर थोड्याच दिवसांत पोलीस मुख्यालयासमोरचं ते आंदोलन झालं.

आंदोलन म्हणजे काय, तर फलक हातात धरून गप्प उभं राहायचं. दुपारपर्यंतची परवानगी होती. माणसंही थोडीच. समोरच्या बाजूला एक बंद दुकान होतं. त्याच्या पायरीवर धाकटी उभी होती, म्हणजे रस्त्यापेक्षा हातभर उंच, आणि मध्ये काहीच नव्हतं. तिनं जे पाहिलं ते स्वच्छ पाहिलं.

वारा सुटला होता. मोठा कापडी फलक शिडासारखा फुगत होता. त्याची एका टोकाची काठी एका निवृत्त पोस्टमनकाकांकडे आणि दुसऱ्या टोकाची रंगाऱ्याकडे होती. रंगाऱ्यानं ती दोन्ही हातांनी छातीशी धरली होती आणि टाचा रोवून उभा होता. एक अधिकारी आला आणि वेळ संपली म्हणाला. वकीलबाईंनी परवानगीचा कागद दाखवला. त्यांची बाचाबाची झाली. अधिकारी आपल्याच शिपायांवर खेकसत मागे मागे सरकू लागला, त्याची टाच पदपथाच्या कडेवरून निसटली, आणि तो उताणा पडला. डोकं लोखंडी कठड्याच्या कोपऱ्यावर आदळलं. मग कुणीतरी ओरडलं, "मारलं! साहेबांना मारलं!" आणि ज्याच्या हातात काठी होती, तो सगळ्यात जवळचा माणूस त्यांनी धरला.

रंगाऱ्यानं काठी सोडली नव्हती. त्यांनी ती त्याच्या बोटांतून उपटून काढली. गाडीत कोंबताना तो वळून वळून म्हणत होता, "अहो, फलक धरा कुणीतरी, फाटेल तो."

धाकटीनं त्या संध्याकाळी विभागात बसून बातमी लिहिली. काठी कुठे होती, हात कुठे होते, अधिकारी कसा पडला. सरांनी सवयीनं विचारलं, "तू पाहिलंस?"

"सगळं पाहिलं."

"मग असंच जाऊ दे." त्यांनी ती पहिल्या पानावर घेतली, तिच्या नावासकट. धाकटीला वाटलं, झालं. आता सगळ्यांना कळेल. खरं काय ते छापून आलं म्हटल्यावर त्या माणसाला किती दिवस आत ठेवतील?

ठेवलं. कामावरच्या अधिकाऱ्यावर जीवघेणा हल्ला, असा गुन्हा लावला आणि जामीन नाकारला. खटला उभा राहायची वेळ आली तेव्हा वकीलबाईंनी धाकटीला बोलावून घेतलं. खोलीवर दुसरं कुणी नव्हतं. बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला.

"तुला साक्ष द्यावी लागेल."

"पण मी लिहिलंय की सगळं. छापलंय."

"कागदाला उलटे प्रश्न विचारता येत नाहीत गं. कोर्टाला माणूस लागतो. पोस्टमनकाका येतील, बाकीचेही येतील, पण सरकारी वकील म्हणणार हे सगळे संघटनेचे. तू आमची नाहीस. सही केली नाहीस, वर्गणी दिली नाहीस. म्हणून तूच हवी आहेस." मग म्हणाल्या, "समन्स काढून तुला बोलावता येईल. पण मी काढणार नाही. फरफटत आणलेला साक्षीदार काय बोलेल याचा भरवसा नसतो. यायचं तर स्वतःहून ये. आणि नीट सांगते, तुला सोलून काढतील. कुठे राहतेस, बाप काय करतो, सगळं काढतील."

बाप काय करतो, हे तिला तिथेच टोचलं.

ती आधी सरांकडे गेली. सरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी दैनिकात असताना असा प्रसंग एकाच्या वाट्याला आला होता. तो गेला. त्यानंतर पोलीस त्याच्याशी बोलेनात आणि मोर्चेवालेही जपून बोलू लागले. उद्या हाही कोर्टात उभा राहील, म्हणून. आपलं काम लिहिण्याचं. तू ते केलंस. पण ठरवायचं तूच." शेवटचं वाक्य त्यांनी कागद चाळत म्हटलं.

घरी तिनं विषय काढला तेव्हा आई म्हणाली, "परीक्षा तोंडावर आलीय." बाबा हात धुवायला उठले. दुसऱ्या दिवशी ते डबा विसरून गेले म्हणून धाकटी तो द्यायला कोर्टात गेली. लिफ्टच्या यंत्राची खोली अगदी वर, गच्चीला लागून असते. आत तेलाचा वास आणि मोटारीची घरघर. बाबा उकिडवे बसून जाड तारेच्या दोराला वंगण लावत होते. तिच्याकडे न बघता म्हणाले, "या इमारतीत मला सगळे ओळखतात. शिपायांपासून जजसाहेबांपर्यंत. मी लिफ्टमध्ये असलो की जजसाहेब स्वतः नमस्कार करतात." मग पुन्हा वंगणाचा हात फिरवू लागले. धाकटी डबा ठेवून उतरली. लिफ्ट होती, तरी ती जिन्यानं उतरली.

रंगाऱ्याची बायको तिला कॉलेजच्या फाटकाशी गाठायला आली. इस्त्रीच्या दुकानातून तशीच आली होती, मनगटावर भाजल्याचा ताजा डाग.

"वकीलबाई म्हणाल्या, तुम्हाला जबरदस्ती करायची नाही. मी करत नाही. फक्त विचारायला आले."

"मी लिहिलंय ना, अगदी जसं झालं तसं."

"ते आम्ही वाचलंय, ताई. यांनी आत वाचलं. पण जजसाहेब वाचतील का?"

"मी कळवते," धाकटी म्हणाली. "दोन दिवसांत कळवते."

तिनं कळवलं नाही. नाही म्हणायचा धीर नव्हता आणि हो म्हणायचाही. परीक्षा संपू दे, सरांशी पुन्हा बोलू दे, बाबांचा मूड पाहू दे, असं करता करता साक्षीची तारीख उजाडली. आणि त्या दिवशी धाकटीनं जे केलं ते तिला तेव्हा मधला मार्ग वाटलं. ती कोर्टात गेली, पण वही-पेन्सिल घेऊन. सुनावणीची बातमी द्यायला. उजव्या भिंतीला लागून पत्रकारांचा बाक होता. तिथे दोन दैनिकांची माणसं जांभया देत बसली होती. ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

रंगारी पिंजऱ्यात उभा होता. बारीक झाला होता. नखं अगदी स्वच्छ होती. त्यानं तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. भुवई उडवून, लांबूनच, त्यानं तिला ओळख दिली. तो समजला, आली.

पोस्टमनकाकांची साक्ष झाली. सरकारी वकिलांनी विचारलं, तुम्ही संघटनेचे सभासद का? किती वर्षं? काका खरं तेच बोलले, आणि बोलता बोलता त्यांची साक्ष पातळ होत गेली. मग वकीलबाईंनी पाक्षिकाचा अंक पुढे केला. सरकारी वकील ताडकन उठले. "हे कुणी लिहिलं, कुठून पाहिलं, काय पाहिलं, मला विचारता येणार आहे का? लिहिणाऱ्यांना आणा."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. "लिहिणारी व्यक्ती हजर आहे का?"

खोलीत पंख्याचा आवाज येत होता. वकीलबाई वळल्या. त्यांची नजर बाकावर आली, धाकटीवर थांबली. त्या वाट पाहत होत्या. रंगारी पाहत होता. मागच्या रांगेतून त्याची बायको पाहत असणार, पण तिकडे मान वळवायची धाकटीची छाती झाली नाही. उठायचं, दोन पावलं पुढे जायचं, आणि 'मी' म्हणायचं. तेवढंच काम होतं. ती बसूनच राहिली. तिला सरांचा नियम आठवला, यंत्राच्या खोलीत उकिडवे बसलेले बाबा आठवले. आणि या सगळ्यांच्या आड खरी होती ती साधी भीती, की तिथे उभं केल्यावर आपल्या तोंडून शब्द फुटणार नाही.

"आज त्या साक्षीला आलेल्या नाहीत," वकीलबाई म्हणाल्या. त्या खोटं बोलल्या नाहीत, आणि तिच्याकडे बोटही दाखवलं नाही.

रंगाऱ्यानं मान खाली घातली. धाकटीचा हात तेवढ्यात वहीवर सरकला आणि तिनं ते वाक्य लिहून घेतलं. आज त्या साक्षीला आलेल्या नाहीत. सवयीनं लिहिलं. लिहून झाल्यावर आपण काय लिहिलं ते तिनं वाचलं.

त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. निकालात म्हटलं होतं की भावाच्या मृत्यूमुळे आरोपीच्या मनात राग होता, आणि त्याच्या बाजूनं कुणीही तटस्थ साक्षीदार पुढे आला नाही.

तटस्थ. हा शब्द तिनं कितीदा तरी वाचला. मग एका सकाळी तोंडही न धुता ती वकीलबाईंच्या घरी जाऊन थडकली. "मी बोलते. कुठे बोलायचं सांगा. अपील करा, मी येते."

बाईंनी तिला रागावावं अशी तिची फार इच्छा होती. बाई रागावल्या नाहीत. पाणी दिलं, आणि अपिलासोबत नवा साक्षीदार घेण्याचा अर्ज केला. वरच्या कोर्टात बाबांच्या कामाचा विषय निघो, घराचा निघो, कशाचीच पर्वा नाही असं ठरवून धाकटी नवे कपडे घालून गेली. पण तिला बोलवायची वेळच आली नाही. सरकारी वकिलांनी एकच विचारलं, ही साक्षीदार तेव्हा का मिळाली नाही? आणि मग त्यांनी पाक्षिकाचा पुढचा अंक काढून दिला. त्या दिवशीच्या सुनावणीची बातमी, खाली तिचं नाव. साक्षीदार खोलीत बसून होती, हे तिनं स्वतःच छापलं होतं. बातमी बिनचूक होती. अर्ज फेटाळला गेला.

बाहेर जिन्यात वकीलबाई एवढंच म्हणाल्या, "चल, चहा घेऊ." धाकटीनं कप तसाच ठेवला.

त्या रात्रीच्या जेवणाला बाबांनी हात धुतले आणि ताटावर न बसता तिच्याजवळ येऊन उभे राहिले. "मी तुला जाऊ नको असं म्हणालो नव्हतो," ते म्हणाले.

"नाही म्हणालात."

"पण जा असंही म्हणालो नाही." "म्हणायला हवं होतं. नोकरी काय, दुसरी बघितली असती. लिफ्टा काय कोर्टातच असतात?" आई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. धाकटीला वाटलं, बाबांनी हे आधी म्हटलं असतं तरी आपण उठलो असतोच असं नाही. पण ते तिनं बाबांना सांगितलं नाही. निदान त्यांच्या वाट्याचं तेवढं त्यांना बोलू दिलं.

सरांनी मात्र निकालानंतर त्या विषयावर तोंड उघडलं नाही. फक्त पुढच्या वर्षीच्या वर्गाला बातमीत न शिरण्याचा नियम शिकवताना ते मध्येच थांबले, म्हणे, आणि पुढचा धडा घेतला. हे धाकटीला एका विद्यार्थिनीकडून कळलं. तोवर ती एका दैनिकात लागली होती.

ती शनिवारी खोलीवर जात राहिली, पण आता बातमीसाठी नाही. टेबल पुसायची, अर्ज टाइप करून द्यायची, आलेल्या बायकांना पाणी द्यायची. रंगाऱ्याची बायको दिसली की उठून कोपऱ्यात जायची. एकदा जिन्यात दोघी समोरासमोर आल्या. एकीनं मागे सरल्याशिवाय वाट नव्हती. धाकटी पटकन खाली उतरून बाजूला झाली. ती बाई उतरून आली, तिच्यापाशी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "तुम्ही कळवते म्हणाला होतात. 'नाही' असं कळवलं असतं तरी चाललं असतं. पण मी दोन दिवस दुकानातल्या फोनजवळून हलले नव्हते." आणि गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

रंगारी शिक्षा भोगून सुटला तेव्हा खोलीवर आला नाही. पाट्या रंगवायचं त्याचं कामही आता राहिलं नव्हतं. गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली होती, आणि तुरुंगातून आलेल्याला दुकानाची पाटी द्यायला लोक कचरत. रस्त्यांवर पांढरे पट्टे मारणाऱ्या ठेकेदाराकडे तो लागला. धाकटीनं त्याला शोधलं नाही. शोधावं असं दर आठवड्याला ठरवलं, आणि दर आठवड्याला काही ना काही काम निघालं.

तो दिसला तोही असाच, अवचित. भर दुपारी एका चौकात रहदारी अडवून पट्टे मारायचं काम चाललं होतं. तो अंगात चकाकतं पिवळं जॅकेट घालून पट्ट्याचं यंत्र ढकलत होता. ती पदपथावर थबकली. त्यानं पाहिलं, यंत्र थांबवलं. पळून जायचं की पुढे व्हायचं, हे ठरायच्या आत ती पुढे झालेली होती.

"ओळखलंत?"

"न ओळखायला काय झालं, पत्रकारबाई." हसला नाही, पण तोंडही फिरवलं नाही. "बरं चाललंय ना?"

पाठ करून ठेवलेलं सगळं ती विसरली. "मी त्या दिवशी," ती म्हणाली आणि तिथेच अडकली. पुन्हा म्हणाली, "मी त्या दिवशी उठायला हवं होतं."

तो यंत्राच्या दांड्यावर हात ठेवून उभा राहिला. "हं," म्हणाला. जाऊ द्या, असं काही नाही, होतं असं, असलं काहीही तो म्हणाला नाही. "मला वाटलं होतं उठाल म्हणून. तुम्हाला बघितल्यावर मी मनात म्हटलं, सुटलो. संध्याकाळी घरी जेवायचं. तेवढं फार लागलं बघा. बाकीचं आत गेल्यावर सवयीचं होतं."

"मी नंतर प्रयत्न केला. अपिलात."

"बाईंनी सांगितलं. त्या खोटं नाही बोलत." त्यानं चौकाकडे पाहिलं. गाड्यांची रांग वाढत होती आणि मुकादम लांबून हात हलवत होता. "मला तुमचा राग येत नाही, असं म्हणायचा मी प्रयत्न करून पाहिला. येतो अजून. रोज नाही. अधूनमधून."

"त्यांना," ती म्हणाली, "तुमच्या मिसेसना सांगाल का, मी..."

"नाही. ते मी नाही सांगणार. तिला काही सांगायचं असेल तर तुम्हीच जा. पत्ता बाईंकडे आहे." मग जरा नरमाईनं म्हणाला, "दार उघडेल की नाही, माहीत नाही. पण तुम्ही जा."

त्यानं यंत्र सुरू केलं. ती पदपथावर सरली. पट्टा सरळ पुढे जात राहिला, आणि तो त्याच्या मागे.

त्या संध्याकाळी धाकटीनं वकीलबाईंना फोन करून पत्ता घेतला. बाईंनी का म्हणून विचारलं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाची वस्ती होती, बस बदलून जावं लागायचं. रविवारी ती निघाली. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, चिरक्या आवाजाची घंटी होती. तिनं ती दाबली. आत पावलं वाजली, दारापर्यंत आली आणि थांबली. दाराला बाहेरचं दिसायची काचेची टिकली होती. आतून कुणीतरी बघतंय, हे धाकटीला कळलं. ती तशीच उभी राहिली, चेहरा सरळ समोर धरून.

दार उघडलं नाही. पावलंही परत गेली नाहीत. बराच वेळ एका दाराच्या दोन बाजूंना दोघी उभ्या होत्या. मग धाकटी दाराकडे बघूनच बोलली, मोठ्यानं, शेजाऱ्यांनी ऐकलं तर ऐकू दे अशा आवाजात. फलक वाऱ्यानं फुगला होता. काठी दोन्ही हातांत होती. तो अधिकारी स्वतः मागे सरकला आणि पदपथावरून पडला. मी समोर पायरीवर होते. मी पाहिलं. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. सगळं सांगून झाल्यावर तिला जाणवलं की हे सांगायला अगदी थोडा वेळ लागतो.

शेजारचं एक दार किलकिलं झालं आणि बंद झालं. हे दार बंदच राहिलं. धाकटी जिना उतरली. बसमध्ये बसल्यावर तिला हुंदका आला, आणि शेजारच्या आजींनी काही न विचारता तिला खिडकीजवळची जागा दिली.